अक्काचं काही चाललं नाही

प्रिय भूमी,

तुला पोटभर आशीर्वाद. माझं अक्षर दुसरीतल्या पोरीसारखं आहे, कारण शाळा तेवढीच झाली. हसू नको. पाय सुजतात का गं अजून? संध्याकाळी उशीवर ठेवत जा.

होळीला तू फोनवर विचारलंस, आजी, बाळंतपणाला दोन महिने देवपूरला येशील का? आणि मी हंगामाचं रडगाणं लावलं. चैत्र-वैशाखातच बिबडे-पापडांचं काम, गटातल्या दहा-बारा बायांची वर्षाची कमाई तीच, मी नसले तर कोण बघेल? तू बरं म्हणालीस, पण तुझं ते बरं मला रात्रभर टोचलं. माझी सारिका असती तर तुला असं विचारत बसावं लागलं नसतं. आईच ती. असो.

आता गटाचं ऐक. दिवाळीला आमचं फराळाचं काम चाललं होतं आणि तू ओट्यावर बसून बघत होतीस. मीठ पुरे का, हे सांगायच्या आधीसुद्धा बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या. तू म्हणालीस, आजी, तू काय कलेक्टर आहेस का? त्यांनाही विचार की! मला राग आला होता, पण यंदा बिबड्यांचा हंगाम सुरू झाला तसं विचारून बघितलं. बाई गं! ज्या कमलबाईचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती लसणावरून अशी भांडली! पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारता विचारता जवारीचा घाटा भांड्यातच गार होऊन दगड झाला. तो शेवटी म्हशींनी खाल्ला. मी म्हटलं, बोलवा तुमच्या भूमीला, तिलाच वाढू.

मग एकदा खाटांवर धोतरं अंथरून बिबडे वाळत घातलेले आणि आभाळ भरून आलं. मी ओरडले, उचला खाटा! कोणी मत मांडत बसलं नाही, सगळ्या धावल्या. त्या दिवशी गटातल्या मंजुळाने कायदाच केला. चूल पेटली किंवा आभाळ आलं की एकीचंच ऐकायचं, पण ती एक कोण, हे आदल्या दिवशी सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाळीपाळीने. कमलबाईच्या पाळीचे बिबडे माझ्याहून पातळ निघाले. हे तिला सांगू नकोस, आधीच हवेत आहे.

परवा सगळ्या बसल्या होत्या तेव्हा माझ्या तोंडून तुझ्या फोनचं निघून गेलं. मंजुळा उठली, घरातून तूर नि उडीद आणले आणि गाडगं पदराखाली धरलं. म्हणाली, अक्का देवपूरला जावी असं वाटतं त्यांनी तूर टाका, नको वाटतं त्यांनी उडीद. मी म्हटलं, अगं, माझ्या जाण्याचं मला विचारा की! तर म्हणे, तूही टाक एक दाणा, तुला कोण अडवतं? गाडगं पालथं केलं. सगळी बठ्ठी तूर, आणि मधे एकच उडीद. सगळ्या माझ्याकडे बघून खो खो हसल्या. मंजुळा म्हणाली, अक्का, बठ्ठासनी ठरायं, आते तुनं काही चालाव नही!

भूमी, इतकी वर्षं मी त्यांना सांभाळते असं समजत होते. हरल्यावर एवढं बरं वाटतं, हे मला या वयात कळलं. फोनवर सांगितलं असतं तर हुंदका आला असता आणि तू घाबरली असतीस, म्हणून लिहिते. शनिवारी येते. आळीव, डिंक, सुंठ सगळं बांधलंय. हे सुख तू दिवाळीला ओट्यावर बसल्या बसल्या मला दिलंस, तुझे उपकार कसे फेडू? बाळाचं नाव तुम्ही सगळे मिळून ठरवा, मी एक मत देईन. मात्र शेक आणि मालिश मी सांगेन तशीच, त्यात कोणाला विचारणार नाही.

वाट बघ,
तुझीच हरलेली,
सुगंधा आजी