वाळूच्या खाणीतला शेख

६ मार्च १९११

सुतारकाम बाजूला ठेवून आज फिल्ममध्ये आपल्या शिपायांशी लढणारा शेख झालो. दाढी खरी आहे म्हणून! डायरेक्टर वासलँ म्हणाले, "दादा, दाढी चिकटवायची कटकट वाचली." तोंडाला काजळी, अंगावर चादर. मोंत्रय गावच्या वाळूच्या खाणीत सहारा उभा केलाय — खजुरीची झाडं मीच ठोकली. उंट सर्कशीतला, बँड वाजल्याशिवाय उठत नाही. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा कॅमेरा चालू होता.

आमचा मुलगा गुल्वेन खऱ्या सहारात शिपाई आहे. दोन वर्षं झाली, पत्र नाही.

७ मार्च

वासलँ ओरडले, "मरायच्या आधी प्रार्थना करा!" मी गुडघे टेकले आणि सवयीने क्रूसाची खूण केली — डाव्या हाताने. उजव्याला अंगठाच उरलाय.

"अहो शेख! तुम्ही मुसलमान आहात!"

"माफ करा साहेब, विसरलो."

पुन्हा घ्यायला रीळ उरलं नव्हतं. "राहू द्या," म्हणाले. "एवढं कोण बघतंय!"

८ मार्च

बायको, कातेल, माझ्या तोंडाची काजळी पुसत होती. "दुसरं काम मिळालं नाही? पोराच्याच गणवेशावर गोळ्या झाडता!"

"बंदूक लाकडाची आहे गं."

तिने सूप वाढलं.

१२ मार्च, रविवार

फादरांना खुणेचं सांगितलं.

"प्रार्थना कोणाची केलीस?"

"आपल्या प्रभूची."

"मग पाप कसलं? सोंगातसुद्धा तुला खोटं जमत नाही, एवढंच!"

मग जुनंही पुन्हा सांगितलं. गुल्वेनने करवत घाईने चालू केली, माझी बोटं गेली. मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा ती बोटं कामाची होती." दुसऱ्या दिवशी तो पलटणीत भरती झाला.

फादर म्हणाले, "ते केव्हाच माफ झालंय."

देवाकडून झालं असेल.

२१ मे

फिल्म लागली. माझ्या खुणेला सगळं थिएटर हसलं. कातेल हसली नाही. तिनेही खूण केली.

२ जुलै

मेणबत्ती लावली. पत्र नाही.

९ ऑगस्ट

पत्र! चारच ओळी आहेत. "छावणीत तंबू ठोकून फिल्म दाखवली. शेख मरताना सगळे हसले. मी डावा हात ओळखला. बाबा, उंटावरून पडलात तेव्हा लागलं का?"