भिंगरीचं नाक वाहतंय

भावोजी,

मी कामावर निघाले. भिंगरी झोपली आहे, उठवू नका. नाक वाहतंय, पण ताप नाही. डॉक्टरीणबाई काल पुन्हा म्हणाल्या, "पाळणाघरातल्या मुलांना हिवाळ्यात सर्दी होतच राहते. शेंबूड हिरवा झाला म्हणून लगेच औषध लागत नाही." उठली की त्यांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला, मग दूध द्या. नाक चोंदलं की ती पीतच नाही. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तर मात्र सरळ दवाखाना गाठा.

ताईचं खोकल्यानंच सुरू झालं आणि ती गेली, हे मी कशी विसरेन? पण तिचं दुखणं वेगळं होतं. प्रत्येक शिंकेला तुम्ही असा जीव मुठीत धरलात, तर पोरगी शिंकायलाही घाबरेल.

आणखी एक. नाक पुसायला गेलं की ती रडते आणि आईला हाक मारते. काल तुम्ही तेवढ्यात उठून बाहेर गेलात. ती कितीतरी वेळ दाराकडे बघत होती. आज जाऊ नका. रडू आलं तर तिला मांडीवर घेऊन रडा.

धाकटी