निरोप पोचवणारी

अहो हवालदारसाहेब,

जेवले हो, जेवले. बीपीची गोळीपण घेतली. आता पुढचं विचाराल, ‘मग हे पत्र कसलं काढलंस?’ तुमच्या एवढ्या बदल्या झाल्या, पण कधी चार ओळी लिहिल्या नाहीत मी. आणि आता तुम्ही जाऊन दोन महिने झाल्यावर कागद पुढ्यात घेऊन बसलेय. काय करू, पोरीनं गृहपाठ दिलाय!

सातवी पास बाईला युनिव्हर्सिटीचा गृहपाठ. हसू नका.

वैशूची उद्या आर्वोला परीक्षा आहे. आर्वो म्हणजे इथल्या इंग्रजीत दुपार, एवढं येतं मला आता. ज्यानं वाईट केलं तो आणि ज्याचं वाईट झालं तो, अशा दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं, अशी परीक्षा. तीसुद्धा कॉम्प्युटरवरच, कॉलेज अजून उघडलं नाही. सरावाला माणूस कुठून आणणार? मग काय, केलं मला आरोपी.

“आई, तू कधी काही चुकीचं केलंयस का?”

“केलंय की. तुझ्या बापाशी लग्न.”

“आई, सिरीयसली! रोलप्ले आहे हा.”

मग मी कढीपत्त्याचं सांगितलं. खालच्या पद्माच्या कुंडीतून लॉकडाऊनभर चोरत होते तो. तुमचं नाव नाही घेतलं हं! नाहीतर आमचे हवालदार बाल्कनीत पहाऱ्याला उभे असायचे आणि पद्मा आली की खोकायचे, हेही सांगायला लागलं असतं. तीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, आणि फोडणीसाठी कसा फितूर झाला!

वैशूनं एकेक प्रश्न विचारला. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? दोन्हींना मी धडाधड उत्तरं दिली. मग तिनं विचारलं, “यात कुणाला दुखावलंस तू?”

पेन हातात धरून बघत होती माझ्याकडे. कपाळावर तुमचीच आठी. मला नुसतं ‘पद्माला’ म्हणायचं होतं, ते सोडून गॅसवर दूध आहे म्हणून उठले. दूध कुठलं आलंय!

“नो वरीज, आई,” ती म्हणाली. “बोलता येत नसेल तर लिही. ज्याला दुखावलं त्याला पत्र लिहायचं, आमचे सरही सांगतात. पाठवायचं की नाही ते नंतर बघू.”

तिला वाटतंय मी पद्माला लिहितेय.

तुम्हाला या शिक्षणाचा किती राग! इथल्या पॅरामॅटा भागातल्या ऑफिसातली पक्की नोकरी सोडून पोरगी क्रिमिनल जस्टिस शिकायला निघाली, तेव्हा आधी तुम्ही खूश झालात. बापाच्या वाटेनं चालली म्हणून मिशीला हात गेला होता, बघितलं होतं मी. मग विचारलंत, कुठं? ती म्हणाली, ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत.

“चर्चवाल्यांच्या कॉलेजात? झालं! पोरगी बाटली.”

“बाबा, तिथं सगळ्या धर्मांची मुलं आहेत. लेक्चरच्या आधी सर प्रेयर करतात, मी नुसती गप्प बसेन.”

“आरतीलाही गप्पच बसते ती,” मी म्हणाले, “येत कुठंय तिला!” केवढे डोळे वटारलेत माझ्यावर!

पण खरं दुखणं चर्चचं नव्हतं. तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पोरीनं ते चौकीतलं काढलं. आठ वर्षांची होती, तुमचा डबा घेऊन आली होती. खिडकीच्या गजांना हात बांधलेला एक माणूस उभा होता, ओठ फुटलेला. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून भाकरी खाल्लीत. इतकी वर्षं पोरीनं पोटात ठेवलं होतं ते. “मला हे शिकायचंय ते त्याच्यामुळं,” म्हणाली. “बाबा, त्याचं नाव तरी आठवतं का तुम्हाला?”

तुम्ही ताट सरकवून उठलात. त्या दिवसापासून अबोला.

आणि कुठं धरलात अबोला! क्वेकर्स हिलमधल्या दोन खोल्यांच्या घरात. सहा महिन्यांसाठी पोरीकडे आलो, विमानं बंद झाली, दीड वर्ष अडकून पडलो. आपल्याकडे माणूस रुसला तर निदान शेतावर जाऊन बसतो. इथं पाच किलोमीटरच्या पुढं जायची बंदी. तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर, आणि मध्ये मी.

“तिला सांग, टीव्हीचा आवाज कमी कर.”

“बाबांना सांग, लसीची अपॉइंटमेंट घेतलीय.”

“तिला सांग, मला नको.”

अहो, कान दिलेत ना देवानं दोघांना! पण नाही, मी सांगितल्याशिवाय कुणाला काही ऐकूच यायचं नाही. मग मीही निरोपाला माझा मसाला लावायला लागले. तुम्ही म्हणायचात, “दिवा बंद करायला सांग.” मी सांगायचे, “बाबा म्हणतात, डोळे जप गं.” ती म्हणायची, “मला त्यांच्याशी बोलायचंच नाही.” मी तुम्हाला विचारायचे, “वैशू विचारतेय, चहा टाकू का?” तुम्ही मान न वळवता म्हणायचात, “साखर बेतानं घाल म्हणावं.” खरं सांगते, मजा यायची मला. जन्मभर तुमच्या हुकमात राहिले, आता दोघांच्या चाव्या माझ्या कमरेला!

लस मात्र घ्यायला हवी होतीत हो. त्या निरोपाला कितीही मसाला लावला तरी तुम्ही बधला नाहीत.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा तापानं फणफणला होतात, तरी सदऱ्याचं वरचं बटण लावलंत. वैशू दारात उभी राहून “बाबा” म्हणाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तुम्ही मागं वळला नाहीत. मास्क होता, टोपी होती, ती माणसंही बोलत होती, ऐकू गेलं नसेल. मी तिला तेच सांगते. ती ऐकून घेते, मानत नाही.

तुमच्या अस्थी तिच्याच कपाटात आहेत. विमानं सुरू झाली की कृष्णेत सोडणार. तोवर राहा तिच्या खोलीत. फार जड गेलं असतं नाही, जिवंतपणी?

मागच्या आठवड्यात तिच्या क्लासात प्रार्थना झाली. सर म्हणाले, ज्याला कुणाला आठवायचंय त्याचं नाव घ्या. ही एरवी गप्प बसणारी. त्या दिवशी तुमचं नाव घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, माझे वडील माझ्यावर रागावूनच गेले. मी मागं मटार सोलत होते. एवढं इंग्रजी मला कळतं हो. नको तेवढं कळतं.

आता फोनचं.

तुम्हाला आठवत असेल, नर्सनं व्हिडिओ लावून फोन धरला होता. केरळची पोरगी, गळ्यात क्रॉस. “अंकल, बोलिये, आंटी है.” तुमचा हात तिच्या दुसऱ्या हातात. एरवी मी सोडलं असतं का? ‘काय हो, बाटलात की काय?’ म्हणाले असते. पण तुम्हीच आधी बोललात. एकेका शब्दाला थांबत.

“वैशूला दे. नाव आठवलं म्हणावं.”

कुणाचं नाव, मला लगेच कळलं.

आणि मी काय म्हणाले? “तिची परीक्षा चालू आहे. सहा महिने मला पळवलंत ना दोघांनी? आता बरे होऊन घरी या आणि स्वतःच्या तोंडानं सांगा.” हसतसुद्धा होते मी.

तुम्ही “बरं, उद्या,” म्हणालात.

सकाळी दवाखान्याचा फोन आला.

काय नाव होतं हो त्याचं? रोज विचारते. गावातली, तालुक्यातली सगळी नावं मनात म्हणून बघते. पोरीला आज ना उद्या सांगायचं म्हणते आणि गिळते. कारण मला माहीत आहे ती आधी काय विचारेल. “आई, मग तू मला बोलावलं का नाहीस?” तुमचा अबोला संपला, आता माझा चालू आहे, बडबड करत करत.

पण असं आणखी नाही काढायचं. उद्या तिची परीक्षा होऊ दे. मग मीच तिच्यासमोर खुर्ची ओढून बसेन. म्हणेन, पुन्हा विचार सगळे प्रश्न, आणि कढीपत्ता राहू दे बाजूला. तुमचा निरोप जसा दिलात तसाच देईन, चिमूटभरही मसाला घालणार नाही. हे वचन समजा. मग तिनं अबोला धरला तर धरू दे. आमच्या मध्ये निरोप्या कुणी नाही, तेवढंच.

पण तिच्या आधी तुम्हाला सांगायला हवं. तुम्हालाही मी फसवलंय.

त्या दिवशी तिची परीक्षा नव्हती. वैशू शेजारच्या खोलीत तुमच्या सदऱ्यांना इस्त्री करत होती. दार उघडं होतं. एक हाक मारायची होती. तुम्ही पोरीपुढं नमते झालेले मला समोर बसून बघायचे होते, म्हणून मी मारली नाही.

तुमची,
शांता