बाडेन-बाडेनच्या बाटलीची व्यवस्था

मी, सुमित्रा दिगंबर आठल्ये, वय चौसष्ट, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर आपल्या मनाने लिहीत आहे. इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही मराठी प्रत सून विनीता हिने माझा मुलगा अमित याला मोठ्याने वाचून दाखवावी. त्याला मराठी समजतं, वाचता येत नाही.

१. घर व बँकेतील शिल्लक अमित व विनीता दोघांना समान. बेसमेंटमध्ये पाणी येतं, हे घर विकताना लपवू नये.

२. यजमानांचा स्लाइड प्रोजेक्टर महाराष्ट्र मंडळाला. १९७९ साली त्यांच्या सांधेदुखीसाठी आम्ही जर्मनीत बाडेन-बाडेनला राहिलो. तिथल्या गरम झऱ्यांच्या स्नानाचे गुण त्यांनी दर गणेशोत्सवात मंडळाला ऐकवले. खरी हकिगत अशी, की त्या जुन्या स्नानगृहात अंगावर कपडे चालत नाहीत, हे दारातच कळलं आणि ते माघारी आले. “आज गर्दी आहे,” म्हणाले. स्लाइड्स जेवणानंतर दाखवाव्यात.

३. माझी पुस्तकं विनीताला. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी लायब्ररीत बसून शिकले. रोमन लोक त्या गावी आंघोळीला येत, पुढे राजेरजवाडे नाटकाला आणि जुगाराला येऊ लागले, हे यजमानांना मीच सांगितलं. संध्याकाळी बागेतल्या मंडपात वाद्यवृंद वाजे. ते झोपत, पण टाळ्या पडल्या की सगळ्यांच्या आधी “वा” म्हणत. टीव्हीवर तसं संगीत लागलं की मी अजून त्यांची खुर्ची तिकडे वळवते. ती खुर्ची अमितची.

४. तिथल्या पाणी पिण्याच्या दालनातून यजमानांनी एक बाटली भरून आणली आणि देवघरात गंगेच्या सीलबंद गडूशेजारी ठेवली. ८४च्या मार्चमध्ये ते जायला टेकले, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, “अमित, देवघरातलं पाणी आण.” गडू त्याला शोभेचा वाटला. त्याने बाटली आणली.

तेराव्याला नणंद लतिका यांनी गडूचं सील न फुटलेलं पाहिलं.

“वहिनी, माझा भाऊ गंगेविना गेला. आंघोळीचं पाणी पाजलंत त्याला.”

“पिण्याचं होतं, वन्सं. आंघोळीचं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.”

अमित ऐकत होता. तेव्हापासून तो देवघरात पाऊल टाकत नाही. दर मार्चमध्ये फोनवर विचारतो, “आई, डिड आय रुइन इट?” मी नाही म्हणते, त्याला पटत नाही. म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिते: पाणी तोंडात गेल्यावर त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. ते पाणी खारट असतं. त्यांनी ओळखलं. मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होते.

५. गडू मी याच महिन्यात जर्सी सिटीला वन्संकडे पाठवत आहे, सील न फोडता. त्यांच्या वेळी तरी गंगेची खात्री राहील.

६. माझ्या वेळी बाटलीतलं उरलेलं पाणी अमितनेच पाजावं, दुसऱ्या कोणी नाही. पाणी जुनं आहे म्हणून विनीता हरकत घेईल. त्या वेळी मला त्याने काही अपाय होणार नाही. मला बोलता येईल असं नाही, म्हणून आत्ताच सांगते. अमित, देवघरात जा. तिथे आता एकच पाणी आहे. तुझं चुकणार नाही.

सही: सुमित्रा दिगंबर आठल्ये
शॉमबर्ग, १२ सप्टेंबर १९८७

बाईंनी आम्हा दोघांसमोर, चहा ठेवण्याआधी, सही केली. आम्हांला यातून काही मिळायचं नाही.
साक्षीदार: नरेंद्र ढवळे, सुलेखा ढवळे (शेजारी)