डावीकडची सीट

प्रिय डेरिक,

काल तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला होता. तू आता चाकांच्या खुर्चीत तासभर बसतोस, दोन्ही वेळा नीट जेवतोस आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला गिअरबॉक्स समजावून सांगतोस, असं कळलं. बरं वाटलं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणे, तेही बरंच झालं. सिस्टरने मला एक विचारलं, त्याचं उत्तर मी तिला दिलं आहे. तुलाही देणार आहे, पण आधी इकडचं सांगते.

शेडचं छप्पर पुन्हा गळायला लागलंय. पलीकडच्या मार्जरीने डुकराच्या मांसाची पेस्ट्री आणून दिली. तुझी चौकशी करत अर्धी तिनेच खाल्ली. तुझा निळा कोट धुतलाय. आणि काल गॅरेज झाडताना कपाटाखाली एक रिव्हेट सापडला, अगदी पहिल्या हिवाळ्यातला.

गाडी सुट्या भागांत, खोक्यांतून आली तो दिवस आठवतो? ट्रकवाल्याने सगळी खोकी गुलाबांच्या वाफ्यात उतरवली आणि गल्लीला वाटलं, आपण दुकान टाकतोय. तीन हिवाळे आपण त्या गॅरेजात काढले. गिअरबॉक्सच्या बाजूच्या बोळकांडीत तुझा हात जात नव्हता, माझा जायचा. तिथली एकूण एक नट मी आवळला आहे. रस्त्यावर चालवायचा परवाना मिळाला त्या रविवारी आपण समुद्रावर गेलो. टप नव्हता, पाऊस आला, मांडीवरच्या बटाट्याच्या चिप्सची पार खीर झाली. तू म्हणालास, "ग्लेन, आता आपल्याला आणखी काही नको." मी डावीकडच्या सीटवर बसले होते आणि मला ते शब्दशः खरं वाटलं होतं.

मग तुला शर्यतीचं वेड लागलं. हौसेला मोल नसतं, म्हटलं. आधी काच गेली. मग हीटर, गालिचा, जादा चाक. एकेक वस्तू तू माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचास आणि हलकी झाली म्हणून शीळ घालायचास. त्यांच्या जागी डोक्यामागे, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान आली, खांद्यावरून येणारे पट्टे आले, आग विझवायची नळकांडी आली. वजन हाच शत्रू, असं तू येता-जाता म्हणायचास. शेवटी डावीकडची सीट निघाली. ट्रॅकवर तुझ्या शर्यतीतल्या दोस्ताच्या, रॉडनीच्या टोळक्यात, हातात बेकनचा पाव घेऊन, तू सांगितलंस, "सगळ्यात जड भाग काढायला सगळ्यात सोपा निघाला. चार बोल्ट." रॉडनीच्या नाकातून चहा आला. मीही हसले. हसले नसते तर तोही एक विनोद झाला असता.

मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तू शब्द दिला होतास. दोघांनी आळीपाळीने एकच गाडी चालवायची ती शर्यत: पहिला अर्धा भाग तू, दुसरा मी. माझ्या आयुष्यात मी इतकं काही मागितलेलं नाही. शर्यतीच्या लायसन्सच्या परीक्षेला आपण बरोबरच बसलो. मी पास झाले. तू दुसऱ्या खेपेला झालास, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चालकाच्या जागेसाठी आपापल्या मापाच्या फेसाच्या सीट ओतल्या तो दिवस मला सर्वांत आवडतो. कचऱ्याच्या पिशवीत ती दोन रसायनं कालवून ओतायची, वर आपण बसायचं, आणि फेस गरम होऊन फुगत पाठीभोवती घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. मी हलले नाही. माझी सीट अशी उतरली की तू स्वतः म्हणालास, दुकानातली वाटते. तू मात्र सारखा चुळबुळ करत होतास, आणि तुझ्या बुडाखाली फेस जाड राहिला. मी म्हटलं, हेल्मेट घालून बस, तुझं डोकं कमानीच्या वर जाईल. तू म्हणालास, तुला बॉनेट दिसायला हवं. मी पुन्हा म्हटलं. तू रेडिओ मोठा केलास.

शर्यतीआधीच्या तपासणीच्या वेळी त्यांनी कमानीपासून पुढपर्यंत काठी धरली. हेल्मेट काठीच्या खाली राहायला हवं. तू सीटमध्ये हळूच घसरलास. सगळेच घसरतात, तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याने गाडीवर स्टिकर चिकटवला आणि पुढे गेला. तू मला डोळा मारलास. आणि त्याच रांगेत, माझे हातमोजे माझ्या हातात असताना, सांगितलंस की दुसरा भाग रॉडनीच्या टोळक्यातली फिलिपा चालवणार.

"ग्लेन, ती तुझ्या निम्मी आहे. हे गणित आहे, मनाला लावून घेऊ नकोस."

माझी सीट तू पावाच्या सुरीने कापली होतीस. फिलिपाच्या पाठीमागे टेकू हवा होता ना. माझ्या पाठीचा आकार मी तुकड्यांत ओळखला. मी हातमोजे पिशवीत टाकले, आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तू खूश झालास. मी कठड्याशी तुझ्या नावाची पाटी धरून उभी राहिले. चढावरच्या वळणावर गाडी उलटली. कमानीने तिच्या उंचीपुरतं काम केलं. तिच्यावरचं तुझ्या मानेला करावं लागलं.

मी रडले, डेरिक. किती रडले ते तुला कुणी सांगणार नाही, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतंच. फिलिपा आली नाही. रॉडनीने कार्ड पाठवलं, त्यावर विनोद होता.

आता सिस्टरचा प्रश्न. तिने विचारलं, खालची खोली तयार आहे का. जिना तुला यापुढे जमणार नाही आणि खाली पलंग मावेल अशी आपल्याकडे एकच जागा आहे, गॅरेज. घरात अशा सोयी करून देणारी कौन्सिलची बाई टेप घेऊन आली होती. उतार इथे, बेसिन तिथे, पलंग मधोमध. मंजुरीही मिळण्यासारखी होती. ती एवढंच म्हणाली, ही गाडी हलवावी लागेल.

मी गाडीकडे बघितलं. सांगाडा सरळ करून आणलाय. कमान नवी आहे, उंच. तुझी फेसाची सीट मी काढून टाकली आणि माझी पुन्हा ओतली, हेल्मेट घालून. शनिवारी या हंगामातली पहिली शर्यत आहे. तुला उचलायला दोन माणसं लागतात असं सिस्टर म्हणते, आणि मी एकटी आहे. मी सिस्टरला नाही म्हणाले. सूड म्हणून नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. हे गणित आहे, डेरिक, मनाला लावून घेऊ नकोस.

समुद्राजवळच्या एका शुश्रूषागृहात तुला जागा मिळाली आहे. शुक्रवारी तिथे व्हॅन येईल. तिच्यात तुझे कपडे आहेत, निळा कोट आहे, आणि डावीकडची सीट आहे. मी ती फेकली नव्हती, शेडमध्ये झाकून ठेवली होती. पुसून पाठवते आहे. खिडकीशी ठेवून घे. बसायला आरामशीर आहे, मी बसले आहे तिच्यात. हातांना काही काम नसतं. दुसरा नेईल तिकडे जायचं आणि बाहेर बघत राहायचं.

तुझीच, कागदोपत्री तरी,
ग्लेनिस