अठराचे दहा

३ मार्च, मंगळवार

कायदा मंजूर झाला!!

दुकानात काच घासत होते. मशीन चालू, पाणी उडतंय, आणि तेवढ्यात रेडिओवर बातमी. चष्मेवाले काका म्हणाले, "आवाज वाढवू का गं?" मी हातातली काच सोडूनच दिली. कड उडाली. एका गिऱ्हाइकाचा डावा डोळा उद्यावर गेला!

बातमी अशी – नशेचा माल इकडून तिकडे पोचवणाऱ्यांना आजवर अठरा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नव्हती. न्यायाधीशांचे हातच बांधलेले. आता कमी देता येणार. आणि आधीच आत असलेल्यांनाही अर्ज करता येणार!

आईला अठरा. त्यातली बारा झाली.

काका म्हणाले, "जा घरी." म्हटलं, घरी कोण आहे? मावशी कामावर. "मग तिथे जा! उभी काय राहिलीस?"

पळत गेले. हॉस्पिटलची लाँड्री, इस्त्रीच्या रोलरचा आवाज एवढा की मी ओरडतेय आणि मावशीला काही ऐकू येत नाही. माझं तोंड बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही! कोणीतरी येणार आहे! कायदा बदलला!"

ती म्हणाली, "आधी ही चादर धर." टोकाला टोक लावून आम्ही चादर घडी केली. मग आणखी एक. मग आणखी एक. मग मावशी कपड्यांच्या टोपलीत बसली. टोपलीवर नाही – टोपलीत! तिथल्या दोघींनी ओढून काढावी लागली.

४ मार्च, बुधवार

आज सहा जणांना "अगदी शोभतोय तुम्हाला" म्हणाले. सहावा दुसऱ्याचाच चष्मा घालून उभा होता.

९ मार्च, सोमवार

वकीलबाईंकडे गेलो. खोलीत खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर फायली. मी उभीच. बाई म्हणाल्या, "हुरळून जाऊ नका. कमी होऊ शकते, होईलच असं नाही. सरकारी वकील विरोध करणार."

"पण किती कमी होईल?"

"चौदावर आली तरी मी खूश होईन."

चौदा! म्हणजे अजून दोनच वर्षं! सहाच्या जागी दोन! बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलंच नाही. ऐकलं होतं. ठेवून दिलं.

अर्जात सगळं सलग वाचलं, पहिल्यांदाच. आई लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर. ओळखीतल्या माणसाने पुडकं द्यायचं, पुढच्या शहरात दुसऱ्याने उतरवून घ्यायचं. चार खेपा केल्या, पाचवीला धरली. आत काय आहे ते तिला माहीत होतं. तेव्हाही तिने ते लपवलं नाही, आणि आताही अर्जात तसंच लिहायला लावलंय. बाई पेनाचं टोपण चावत म्हणाल्या, "इतका खरेपणा मला फार जड जातो हो."

मी सात वर्षांची होते. मावशी शाळेच्या फाटकाशी आली, दप्तर माझ्या पाठीवरून काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि मला घरी घेऊन आली. एवढंच आठवतं.

१४ मार्च, शनिवार

भेट. टेबलावर हात दिसतील असे ठेवायचे, मिठी फक्त निघताना.

आई म्हणाली, "मला उगाच आशा लावू नका गं. इथे आशेने माणसं आजारी पडतात." मावशीने टेबलाकडे बघितलं. मी मात्र बोलत सुटले – घर, दुकान, रस्ते. मध्येच तिने विचारलं, "बसमध्ये अजून तिकिटं फाडून देतात ना?"

"नाही गं, फोनवर निघतात."

"मग कंडक्टर करतो काय?"

"फोनवर बोलतो!"

अशी हसली! पहारेकरीण मान वळवून बघायला लागली. बारा वर्षांत मी तिला तोंडावर हात न ठेवता हसताना पाहिलं नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

माशी शिंकली. फाइलीत एक शेरा सापडला – सहा वर्षांपूर्वी आईच्या गादीखाली सुई. मनाई असलेली वस्तू. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "सरकारी वकील हीच धरून बसणार."

एक सुई!! आमच्या दुकानात याहून टोकदार दहा वस्तू माझ्या खिशात असतात.

२ एप्रिल, गुरुवार

मुलीचं पत्र जोडायचं म्हणून मी चार पानं लिहून नेली. वकीलबाईंनी वजन केल्यासारखी हातात धरली. "न्यायाधीश आहेत त्या, तुझी आजी नाहीत. चार ओळी."

खोडत खोडत उरलं ते असं : माझ्या आईने जे केलं ते केलं. मी आता एकोणीस वर्षांची आहे. मला नोकरी आहे. घरात तिच्यासाठी पलंग आहे.

मावशीने वाचलं. "पलंग कुठे आहे?"

"आणू ना!"

२१ एप्रिल, मंगळवार

पलंग आला! हॉस्पिटलने मोडीत काढलेला, मावशीने हक्काने मागून घेतला. चाकांचा. तीन जिने चढवताना आम्ही दोघी, वरचे पेन्शनर आजोबा आणि त्यांच्या सूचना. "डावीकडे! अहो, तुमचं डावं नव्हे, माझं!" आता माझ्या खोलीत आहे. कूस बदलली की भिंतीपर्यंत जातो. चाकांखाली जुने रबर कोंबलेत.

११ मे, सोमवार

उद्या सुनावणी. जेवण जात नाही. मावशीने माझा एकच ड्रेस दोनदा इस्त्री केला.

१२ मे, मंगळवार

आज अक्षर गेलं उडत!

सरकारी वकील उठले आणि सुईच काढली. "ही बाई आत राहूनही नियम पाळत नाही." पाच मिनिटं सुई, सुई, सुई. न्यायाधीशांनी थेट आईलाच विचारलं, "कशाला हवी होती सुई?"

आई म्हणाली, "शिवायला."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश नाही हसल्या. "काय शिवायला?"

"ब्लँकेटं. उसवलेली असायची. आमच्यात दोघीतिघी म्हाताऱ्या होत्या, थंडी सोसायची नाही त्यांना."

"परवानगी का नाही घेतलीत?"

"दोनदा अर्ज दिला होता. उत्तर नाही आलं. मग थंडी आली."

न्यायाधीशांनी फाइल मागवली. एकेक कागद उलटत गेल्या. पंखा आणि कागद, एवढाच आवाज. मग थांबल्या. "दोन्ही अर्ज आहेत इथे." सरकारी वकील खाली बसले!

वीस मिनिटं आत गेल्या. परत आल्या, चष्मा लावला, बरंच काही वाचलं. माझ्या कानात शेवटचंच शिरलं – "अठराऐवजी दहा वर्षं."

मी मावशीचा हात ओढला. "दहा म्हणजे किती राहिली गं?" वकीलबाई मागे वळल्या. "राहिली? अगं, संपली! दोन वर्षांपूर्वीच संपली!"

मी किंचाळले. शिपाई "शांत, शांत" करत आला. आई मात्र तशीच उभी. तिने न्यायाधीशांना विचारलं, "म्हणजे आता मी कुठे जायचं?"

त्या म्हणाल्या, "घरी जा, बाई."

जास्तीची दोन वर्षं कोणाकडे मागायची, ते नंतर बघू. आज नाही! आज नाही!! कागदपत्रांना दोन दिवस लागतील.

१४ मे, गुरुवार

साडेअकराला फाटक उघडलं. हातात एक पिशवी. मी तिच्याहून उंच आहे, हे मला माहीतच नव्हतं – भेटीत आम्ही कायम बसलेल्या असायचो.

बसमध्ये जागा होती, तरी बसेना. दाराशी दांडी धरून उभी. पुढच्या स्टॉपला गर्दी चढली तशी एका सुटाबुटातल्या माणसाला म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" आणि तो सरकला!! सगळी बस सरकली! आई इतकी लाजली की मावशीच्या मागे लपली.

१५ मे, शुक्रवार

जाग आली तर आईचा पलंग रिकामा. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

मावशी फरशीवर, आईच्या मांडीत डोकं घालून रडत होती. हमसून हमसून. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती. "गप चिंगे. गप." चिंगे! या घरात तिला या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"ताई, मला काहीच येत नव्हतं गं. साधी वेणी घालता येत नव्हती."

"माहितेय. शिकलीस ना."

मला वाटायचं, वाट मी बघतेय. मावशी माझ्यासोबत असते, एवढंच. आज हिशेब केला – मला घरी आणलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. आत्ताच्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

चपला हातात घेऊन हळूच जिना उतरले. खाली पायरीवर बसून लिहितेय. दुकान उघडायला दोन तास आहेत. असू देत.