ज्ञानूच्या फोनचं कुलूप

आई,
आप्पा वाचून दाखवतील. ज्ञानूनं कॅनडातून पाठवलेल्या फोनचं कुलूप नगरलाही निघालं नाही. तिकडच्या कंपनीशिवाय दुसरं कार्ड त्यात चालत नाही म्हणे. तू म्हणतेस तेच खरं, कुलूप आहे म्हणून त्याचा फोन येत नाही. दसऱ्याला तू लावलेलं हळदकुंकू दुकानदाराला पुसू दिलं नाही. फोन देव्हाऱ्यात ठेवलाय. भाकरी टोपलीत आहेत. माझी गाडी आली, सासरी निघते.
मोनिका

आप्पा, ही मागची बाजू मनातच वाचा.
कुलूप निघालंय. आता कुठलंही कार्ड चालतं. दुकानदाराचं कार्ड घालून ज्ञानूला लावला. माझा नंबर तो उचलत नाही, हा अनोळखी म्हणून उचलला. म्हणाला, "ताई, मी बरा आहे. माझी वाट बघू नका. हा नंबरही बंद करतोय." नगरच्या स्टँडवरून माझ्या फोनवरून परत लावला, तर बंद.
तुमचं कार्ड त्यात घालून बघू नका. आईसमोर तर नकोच.
दिवाळीनंतर ती म्हणेल, "मोने, दुसऱ्या दुकानात विचार की गं."
मी जाऊन येईन.